दोन चुलींचा संसार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. थंडीचे दिवस होते, दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं आणि सकाळी मी बांधावरच्या तुरीच्या हिरव्या शेंगा टोपलंभर तोडून आणल्या होत्या. सुभद्रा, माझी बायको, भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसली होती. आमच्या मधात सूप. चांगले दाणे पितळेच्या वाटीत जायचे, साली टोपल्यात, आणि ज्या शेंगेत अळी निघेल ती शेंग उघडी तशीच तिच्या डाव्या हाताशी ठेवलेल्या करवंटीत. अळी मारायची नाही, हा तिचा कायदा. करवंटी भरत आली की ती गुडघ्यावर हात देऊन उठायची, अंगणाच्या टोकाला काट्यांचं कुंपण आहे तिथवर जायची आणि करवंटी कुंपणापलीकडे हलकेच पालथी करायची. अंगणातच का नाही, तर अंगणात माझ्या वहिनीच्या कोंबड्या फिरतात आणि त्या टपूनच बसलेल्या असतात. ज्या अळीसाठी मी पाठीवर पंप घेऊन तूर फवारतो, त्याच अळीला माझी बायको कोंबड्यांपासून वाचवून रस्त्याला लावून देते... असा आमचा कारभार होता.

त्या दिवशी मी तिला म्हणालो, "डॉक्टर प्रोटीन प्रोटीन म्हणून राह्यला ना? त्या अळ्याच खाय. फुकटचं आहे."

"तुमीच खा," ती मान वर न करता म्हणाली. "तुमाले सगळं चालते. पायाचं, बिनपायाचं."

"अळीले पाय असतात."

"असतात ना? मंग जाऊ द्या तिले पायानं घरी."

ती हसली. हसताना तिला धाप लागली, हे मी पाहिलं. सुपात निम्म्या शेंगा राहिल्या होत्या. तिनं बोटं पदराला पुसली आणि म्हणाली, "सूप तसंच राहू द्या. राह्यलेल्या उद्या सोलू. मी जराशी पडते." माझ्याशी तिचं शेवटचं बोलणं ते एवढंच. मोठं काही बोलली नाही. बोलणारी होती, पण मोठं बोलायची तिला सवय नव्हती. मी म्हशीला पाणी दाखवलं, गोठा झाडला, चहा ठेवला. तिचा बिनसाखरेचा, माझा साखरेचा. कप घेऊन आत गेलो तर भिंतीकडे तोंड करून निजलेली. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, कारण तोवर हात लावून पाहिला होता.

आता पुष्कळ दिवस झाले. तुरी सोंगून झाल्या, खळं झालं. पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, ते मी चष्मा लावून अक्षर अक्षर वाचतो. त्यात सगळी माणसं मोठी असतात, सभा गाजवलेली, पुस्तकं लिहिलेली. माझी शाळा चौथीत सुटली आणि सुभद्रेनं कधी कुठली सभा पाहिली नाही. पण ती खाण्यावरून माझ्याशी जन्मभर भांडली, आणि त्या भांडणाचा निकाल लागला तो असा उलटा लागला. म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या बाजाराला जवळ. तिचं माहेर सुलतानपूरकडचं, महानुभावांचं घर. लहानपणीच उपदेश घेतलेला. मांस नाही, मच्छी नाही, अंडं नाही, आणि ज्या भांड्यात ते शिजलं त्या भांड्याला हात नाही. आमच्या घरी मटण चालायचं. सोयरीक जमवताना माझ्या बापानं तिच्या बापाला सांगितलं, "कधीमधी असते." कधीमधी म्हणजे दर बाजाराला. हे तिला लग्न झाल्यावर पहिल्या बाजारी कळलं. मी पुडकं घेऊन दारात उभा, आणि ही नवी नवरी उंबऱ्यात आडवी. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तुमचं तुमी बाहेर शिजवा. मी खाऊ नका म्हणत नाही. पण ह्या उंबऱ्याच्या आत ते येणार नाही." माझी आई चिडली, बाप हसला, आणि मी गोठ्याच्या बाजूला तीन दगड मांडले. ती चूल तेव्हापासून आजपर्यंत तिथंच आहे. मटणाचा एक जर्मनचा गंज ठेवला. जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, आणि गंज म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं. तो गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेला असतो. मीच शिजवायचं, मीच राखेनं घासायचं, मीच खुंटीला लावायचं. गावात एका घरात दोन चुली झाल्या म्हणजे लोक समजतात की भाऊ भाऊ वेगळे निघाले. आमच्याकडे दोन चुली होत्या म्हणून नवरा-बायको एकत्र राहिले.

भाकर मात्र तीच करायची. मटणाच्या दिवशी मी गोठ्याच्या दारात ताट घेऊन बसायचो आणि ती तव्यावरची गरम भाकर घेऊन यायची. ताटाला हात लागू नये म्हणून कमरेत वाकून, हात वर धरून भाकर वरून सोडायची. ती बरोबर ताटाच्या कडेला पडायची, रश्श्यात कधी पडली नाही. नेम असा की गोफण फिरवणाऱ्याला जमणार नाही. मी म्हणायचो, "देवाले निवद दाखवते तशी दे की." ती म्हणायची, "देव असं खात नाही." मग चार पावलं मागे जाऊन लिंबाच्या झाडाखाली बसायची आणि मी जेवत असेपर्यंत बोलायची. तोंड वळवून बसायची, पण बसायची. मला एकट्याला जेवू दिलं नाही कधी. जेवण झालं की मी आंघोळ करायची, तेव्हा आत.

ती पाप-पुण्य कधी काढत नव्हती. तिचं म्हणणं वेगळंच होतं. म्हणायची, मटण जड असते, रक्त गढूळ करते, म्हातारपणी कळेल. माझं म्हणणं, माझा बाप मटण खाऊन शेवटपर्यंत नांगरामागे चालला, तुझा बाप कढी-भाकर खाऊन चाळिशीत काठी टेकत होता. ती म्हणायची, माझ्या बापाला बैलानं मारलं होतं, त्याचा कढीशी काय संबंध? हे खरंच होतं. बैलानंच मारलं होतं. पण भांडणात मी ते सोयीनं विसरायचो आणि ती दर वेळी आठवण करून द्यायची.

मग एके वर्षी कापूस वेचताना माझ्या छातीत कळ आली. देऊळगाव राजाला नेलं. डॉक्टरनं मशीन लावलं, गोळ्या दिल्या आणि विचारलं, आजोबा, जेवणात काय असतं? माझ्याआधी हिनंच सांगितलं, "वर बोटभर लाल तर्री असल्याशिवाय यांचा घास उतरत नाही." डॉक्टर म्हणाला, तेल कमी, तर्री बंद, मटण महिन्यातून एखाद्या वेळी. घरी येताना एसटीत मी वाट पाहत होतो की आता ही बोलेल, मी म्हटलं नव्हतं का. सगळा रस्ता गेला, ती बोलली नाही. मीच शेवटी म्हणालो, "बोलून टाक एकदाचं." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुमी बरे झाल्यावर बोलतो. आत्ता नाही."

आणि मटण तिनं बंद केलं नाही. मला वाटलं होतं तीन दगड उचलून फेकून देईल. तिनं काय करावं? मी शिजवायला बसलो की लिंबाखाली बाज टाकून बसायची आणि हुकूम सोडायची. "तेल किती टाकलं? पळी दाखवा. अर्धं परत ओता." रस्सा उकळला की, "आता वरची तर्री काढा. आणखी. तिकडच्या कडेची. मी पाहून राह्यली." ज्या गंजाला तिनं जन्मात बोट लावलं नाही, त्या गंजातला तेलाचा थेंब न् थेंब तिला दुरून दिसायचा. काढलेली तर्री टाकवत नव्हती म्हणून मी ती गोठ्याच्या दाराच्या बिजागरीला लावली. मग गावातलं कुत्रं रोज येऊन आमची बिजागरी चाटायला लागलं. ते पाहून ती इतकी हसली की पदर तोंडात कोंबला. म्हणाली, "पाहा, तुमच्या छातीतलं तेल त्या दाराले लागलं. आता दार बी गोळ्या खाईन."

नंतर तिला साखर निघाली. आता जी बाई साधी राहिली, साधं जेवली, तिला साखर कुठून? मला तर खोटंच वाटलं. डॉक्टर म्हणाला, भाकरी कमी करा, भात सोडा, गूळ-साखर बंद. पोळी-भाकर कमी करा हे तिच्या डोक्यात शिरेना. सुनील, आमचा मुलगा, पुण्यात कंपनीत आहे. तो आणि सून वैशाली तिला काही दिवस घेऊन गेले. वैशाली चांगली पोर आहे. सासूसाठी तिनं फोनवर बघून बघून काय काय केलं, काकडी चिरून दिली, पनीर भाजून दिलं, मोजून मापून. एक दिवस तिनं समजावलं, "आई, भाकरी पोटात गेली की तिची साखरच होते." ही म्हणाली, "पोरी, साखर असती तं टोपल्यात मुंग्या नसत्या लागल्या?" वैशाली हसली आणि तिनं हात जोडले. पण सुभद्रेला तिकडे करमेना. फोनवर मला म्हणाली, "पोट भरते, पण जेवल्यासारखं वाटत नाही." मी जाऊन घेऊन आलो.

गावातही तेव्हा खाण्याचं वारंच शिरलं होतं. आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी साखर निघाली म्हणून भाकर सोडली, दोनच वेळा जेवायचे, तूप खायचे, अंडी खायचे, आणि इतके बारीक झाले की पॅन्टला सुतळी बांधायची वेळ आली. पारावर बसून सांगायचे, तेल-तूप दोषी नाही, धान्य दोषी आहे. दुसरा कोणी सांगायचा, धान्य नाही, पाकिटातलं तेल दोषी आहे, घाण्याचं करडीचं खा. तिसरा म्हणायचा मटण. मी मटणाच्या बाजूनं भांडायचो आणि घरी येऊन हिला सांगायचो. ही म्हणायची, "गुरुजीची साखर उतरली हे खरं, चांगलं झालं. पण तोंडावरचं हसू बी उतरलं." मग म्हणायची, "त्यांले मानवलं असंल. एकाचं पोट दुसऱ्याले लावता येते का?" मला वाटतं, त्या पाराजवळच्या सगळ्यांपेक्षा तिला कमी माहीत होतं, आणि कमी माहीत आहे हे तिला माहीत होतं. आम्हाला तेवढंही कळत नव्हतं.

तिनं भाकर कमी केली. दोन्ही हातांनी भाकर थापायची, माझ्यासाठी अख्खी, स्वतःसाठी पाव. साखर जरा खाली आली. पण ती सुकायला लागली. दंडावर कातडी लोंबली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. हंडा उचलताना थांबायची. पुन्हा देऊळगाव राजा. डॉक्टरनं रक्त काढलं, कागद पाहिला आणि म्हणाला, भाकरी कमी केली ते बरोबर, पण त्याच्या जागी दुसरं काही गेलं पाहिजे ना. अंगात प्रोटीन नाही. हृदयही थकलं आहे. रोज अंडी द्या, जमलं तर चिकन. मी डॉक्टरकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं. जन्मभर ज्या गोष्टीसाठी मी भांडलो, ती डॉक्टरनं माझ्या बाजूनं दिली होती. मला आनंद झाला नाही. कारण हिचं उत्तर मला आधीच माहीत होतं.

"दुसरं काही सांगा," ती डॉक्टरला म्हणाली.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, डाळी वाढवा, दही, शेंगदाणे, मोड आलेली मटकी. पण मावशी, अंड्यासारखं लवकर नाही भरून निघायचं.

माझी वहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको, शेजारच्या अंगणात एकटी राहते. कोंबड्या तिच्याच. तोंडाची फटकळ, पण सुभद्रेवर जीव. तिनं मला कुंपणापाशी गाठलं. "भाऊजी, तुमी नुसते पाहत बसा. ती अशीच वाळून जाईन. मी पिठल्यात अंडं फेटून टाकतो. हळद, मिरची, लसूण. ब्रह्मदेवाले कळणार नाही." मी म्हणालो, "तिनं उपदेश घेतला आहे." वहिनी म्हणाली, "तिनं घेतला ना? मंग तिले कुठं माहीत पडते? पाप लागलं तं मले लागन. मी तशीबी कोंबड्या खाऊन बसली आहे." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. मला ती हवी होती. काय खाऊन जगते याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी वाटीभर पिठलं झाकून घेऊन आली. पिवळंधमक, वर कोथिंबीर, लसणाचा वास. सुभद्रेसमोर ठेवलं. "खाय वं, आज मीच केलं. तुह्या हातची चव नाही, पण खाय." सुभद्रेनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, उचलला. मी उंबऱ्यात उभा होतो, तिनं लग्नानंतर पहिल्या बाजारी मला अडवलं होतं त्याच उंबऱ्यात. तुकडा तोंडाजवळ गेला आणि मी म्हणालो, "थांब."

दोघीही माझ्याकडे पाहायला लागल्या. वहिनीनं डोळे मोठे केले. मी म्हणालो, "त्यात अंडं आहे."

सुभद्रेनं तुकडा खाली ठेवला. मला वाटलं आता उठून जाईल, आता उपास धरेल. तिनं वाटीवर झाकण ठेवलं, वाटी वहिनीकडे सरकवली आणि तिचा हात धरून म्हणाली, "बाई, तुमचा जीव दिसला मले त्याच्यात. पण पुन्हा करू नका." वहिनी रडली. रडत रडत माझ्यावरच ओरडली, "मेल्यावर बसा मंग खरं बोलत!" आणि वाटी घेऊन निघून गेली.

मग आमचं भांडण झालं. जन्मभरात तेवढं एकच खरं भांडण. आधीची सगळी नुसती तोंडाची चव होती. मी म्हणालो, "कोणाले वचन दिलं तू? ज्या बाबांनी उपदेश दिला ते गेले. तुहा बाप गेला. कोण पाह्यला येते?"

"कोणी नाही."

"मंग? औषधाच्या गोळीत काय असते तुले माहीत आहे का? ते खाते ना?"

"माहीत नाही म्हणून खातो. हे माहीत आहे."

"अन् मी? मी काय करू मांगं?"

मग म्हणाली, "एक सांगा. मी तुमाले कधी मटण सोडा म्हटलं? छातीत कळ आली तेव्हा बी म्हटलं?"

"नाही."

"तुमचं तुमी खाल्लं, मी वरून भाकर टाकली. आता माह्यं मी खाऊन राह्यली. तुमी बी वरून टाका. आडवे येऊ नका."

मी बाहेर गेलो आणि गोठ्यात बसलो. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "मटकी भिजू घालायची आहे. डब्यात आहे. मले वाकता येत नाही." मी उठून मटकी भिजू घातली.

तेव्हापासून आतली चूल माझ्याकडे आली. ती बाजेवरून सांगायची, मी करायचो. जो माणूस जन्मभर बाहेरच्या तीन दगडांवर मटण शिजवत होता, तो आत बसून मुगाचं वरण, हुलग्याची उसळ, शेंगदाण्याची आमटी शिकला. दही मीच लावायचो. उसळ करपली की म्हणायची, "मटण तं करपत नव्हतं तुमचं." थंडी पडली तशी तुरीला शेंगा आल्या आणि तिला सोल्यांची, म्हणजे या ओल्या दाण्यांची भाजी आवडायची, म्हणून रोज दुपारी आम्ही ओट्यावर शेंगा सोलायला बसायला लागलो. तिच्या गालावर जरा तकाकी आली होती. मला तरी तसं दिसत होतं. डॉक्टरकडे पुन्हा जायचं ठरलं होतं. मी मनात म्हणत होतो, यावेळी कागद पाहून डॉक्टर म्हणेल, मावशी, जिंकलात. मला हरायचं होतं. एवढं भांडलो तिच्याशी, पण शेवटी मला मनापासून हरायचं होतं... तेही तिनं होऊ दिलं नाही.

भेटायला माणसं आली ती अंगणात बसली, आणि माझ्यादेखत तिच्या मरणाची चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, साखरेनं गेली. दुसरा म्हणाला, भाकर सोडली म्हणून गेली, आपल्या अंगाला भाकरच पाहिजे. गुरुजी म्हणाले, सोडली कुठं, पाव पाव खातच होती, पुरती सोडायला पाहिजे होती. कोणी तेलावर आलं, कोणी फवारणीवर. आणि एक पाहुणा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "पाहा, हे जन्मभर मटण खाऊन बसले, अन् माळकऱ्यासारखी राह्यलेली बाई गेली." तो चुकीचं बोलला नाही. दिसायला तसंच दिसतं. मी पण एकेकाळी पारावर अशीच उदाहरणं द्यायचो, अमक्यानं हे खाल्लं आणि तो जगला. ते अमके कोणाचे तरी नवरे, कोणाच्या तरी बायका होत्या, हे तेव्हा डोक्यात येत नव्हतं. मी त्या पाहुण्याला म्हणालो, "चहा घ्या."

वहिनीच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी थांब म्हणालो नसतो तर? डॉक्टरला विचारता येईल. तो सांगेलही, एका वाटीनं काय होतं आजोबा, किंवा सांगेल, रोज दिलं असतं तर फरक पडला असता. मी विचारायला गेलो नाही. जाणारही नाही. थांब म्हणालो ते पुन्हा म्हणेन. आणि ती हवी होती, हेही तेवढंच खरं. दोन्ही गोष्टी घेऊन बसलो आहे.

लोक विचारतात, आता मटण सोडलं का? नाही सोडलं. तिच्यासाठी सोडलं असं सांगितलं तर लोकांना बरं वाटेल, पण तिला ते पटलं नसतं. माझं खाणं माझं, हे तिचंच म्हणणं. गंज खुंटीवर आहे, तीन दगड जागेवर आहेत. फक्त अजून बाजारातून पुडकं आणलं नाही. शिजवता येईल. पण ताट घेऊन गोठ्याच्या दारात बसल्यावर वरून भाकर सोडणारं कोणी नाही, आणि तर्री आणखी काढा म्हणणारं लिंबाखाली कोणी नाही.

तिची माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगतो आणि थांबतो. घरात चूल पेटलेली नव्हती. सुनील आणि वैशाली रडून थकून आत निजले होते. मी ओट्यावर आलो तर सूप तिथंच. एवढ्या माणसांची ये-जा होती, कोणीतरी ते कोपऱ्यात सरकवलं होतं, पण शेंगा तशाच, जराशा वाळून चिवट झालेल्या. करवंटीतल्या अळ्या नव्हत्या. कोंबड्यांनी टिपल्या की पायानं घरी गेल्या, माहीत नाही. मी सूप पुढे ओढलं, माझ्याच जागेवर बसलो, भिंतीजवळची जागा मोकळी ठेवली, आणि सोलायला लागलो.

वहिनी चहा घेऊन आली. मला पाहून उभी राहिली. "भाऊजी, टाका ते म्हशीपुढं. आता कोणाले खाऊ घालता?"

मी म्हणालो, "उद्या सोलू म्हणली होती."

वहिनीनं चहा खाली ठेवला. भिंतीजवळ नाही, पायरीवर बसली आणि मूठभर शेंगा घेतल्या. तिच्या कोंबड्या लगेच पायाशी जमल्या. तिच्या हातात पहिलीच शेंग किडकी निघाली. सवयीनं तिचा हात कोंबडीकडे गेला. मग थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण ती शेंग उघडी तशीच करवंटीत ठेवली. करवंटी भरत आली तेव्हा मी गुडघ्यावर हात देऊन उठलो आणि कुंपणाकडे निघालो. कोंबड्या मागे मागे आल्या, त्यांना हाकललं. काट्यांच्या वरून हात लांब करून करवंटी पलीकडे पालथी केली. एक अळी आतच चिकटून राहिली होती. तिला काडीनं सोडवली आणि गवतावर ठेवली. हिरवी, बारीक, अंग आखडून पडलेली. ती चालायला लागेपर्यंत मी तिथं उभा राहिलो. मग परत येऊन बसलो. शेंगा अजून बऱ्याच होत्या.